क्लोरीनवर जगणारे जिवाणू

जिवाणू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रोगराई उभी राहते. परंतु मानवाने जमिनीत सोडलेले एक विष निष्प्रभ करण्याचे काम आज काही जिवाणूंकडेच सोपविले जात आहे. त्यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

हे विष म्हणजे टेट्राक्लोरोइथिलीन. कपड्यांचे ड्रायक्लीनिंग करण्यासाठी आणि यंत्रांच्या सुट्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी हा द्रव विसाव्या शतकात अनेक देशांत सर्रास वापरला गेला. तो पाण्यापेक्षा दीडपटीहून अधिक जड असतो. त्यामुळे सांडला की तो मातीतून झिरपत भूजलाच्या तळाशी जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षे थोडा थोडा विरघळत राहतो. अमेरिकेतील कॅम्प लेज्यून या लष्करी तळावरील सैनिक व त्यांची कुटुंबे १९५३ ते १९८७ या काळात दूषित पाणी पीत होती. तळाबाहेरील एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून झिरपलेले हे रसायन तेथील एका वसाहतीच्या विहिरींत उतरले होते. पीडितांना भरपाईसाठी न्यायालयाचे दार उघडणारा कायदा झाला तो २०२२ साली!

या रसायनाच्या रेणूला क्लोरीनचे चार अणू चिकटलेले असतात. भूजलातील काही जिवाणू त्यांतील एकदोन अणू काढून टाकतात; पण पुष्कळदा काम अर्ध्यावरच थांबते, आणि हे अर्धे काम अधिक घातक ठरू शकते. तीन अणू निघून एक उरला की व्हिनाइल क्लोराइड तयार होते. ते मानवात कर्करोग निर्माण करते, हे सिद्ध झालेले आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात मूळ रसायनाची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, तर व्हिनाइल क्लोराइडची केवळ २.

हा शेवटचा अणूही काढणारा जिवाणू सापडला तो सांडपाण्याच्या गाळात. न्यूयॉर्क राज्यातील इथाका शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून आणलेल्या गाळावर कॉर्नेल विद्यापीठाचे संशोधक काम करीत होते. १९९७ साली त्यांनी त्यातील डिहॅलोकोकॉइड्स या जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. मात्र शेवटच्या टप्प्यावर त्याची गती फारच मंद होती. २००३ साली मिशिगन राज्यातील भूजलातून त्याचा एक भाऊबंद मिळाला. तो तर व्हिनाइल क्लोराइडवरच वाढतो. उरते ते इथिलीन, म्हणजे पिकणाऱ्या केळ्यातून निघणारा वायू.

आपण श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतो, तसे हे जिवाणू क्लोरीनयुक्त रेणू वापरतात. ऑक्सिजनचा स्पर्श मात्र त्यांना सोसत नाही. हायड्रोजन हे त्यांचे इंधन, आणि जीवनसत्त्व ब-१२ त्यांना स्वतः बनविता येत नाही. या दोन्ही गोष्टी शेजारचे इतर जिवाणू पुरवितात. एकट्याने जगणे त्यांच्या नशिबी नाही, असेच म्हणावे लागेल. म्हणून अभियंते बोअरमधून जमिनीत वनस्पती तेल, काकवी किंवा लॅक्टेट सोडतात. ते आंबले की हायड्रोजन निर्माण होतो. जेथे हे जिवाणू मुळातच नसतात, तेथे ते प्रयोगशाळेत वाढवून सोडले जातात.

पाणी आम्लधर्मी असेल तर काम रखडते, आणि एरव्हीही कित्येक महिने, कधी वर्षे लागतात. तोवर निरीक्षण विहिरींतील पाण्याचे नमुने नियमित तपासावे लागतात. मूळ रसायन घटले एवढ्यावर कोणी समाधान मानीत नाही. व्हिनाइल क्लोराइड साचत तर नाही ना आणि इथिलीन दिसू लागले का, हे पाहिले जाते.