मोळीचा हिशेब

२०२५ च्या जूनमध्ये उखियाहून मास्तरांचा फोन आला. उखिया म्हणजे बांगलादेशच्या दक्षिण टोकाजवळचा, म्यानमारला खेटून असलेला तालुका. "बद्दा, नोकरी गेली," एवढंच म्हणाले. बद्दा म्हणजे चाटगावच्या बोलीत थोरला भाऊ. म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावण्यांतल्या शाळांचा निधी आटला आणि पहिली कात्री लागली ती तिथं शिकवणाऱ्या स्थानिक शिक्षकांना. हजाराहून जास्त जण घरी बसले, रस्त्यावर उतरले. पुढं २५ ऑगस्टला निर्वासितांच्या लोंढ्याला आठ वर्षं झाली, तेव्हा आपल्याकडच्या पेपरांत छावण्यांचे फोटो आले. मास्तरांसारख्यांवर एक ओळ नव्हती.

आमच्या पिढीचं निर्वासितांशी पहिलं नातं पाच पैशांचं. १९७१ च्या नोव्हेंबरपासून पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, बांगलादेशातून आलेल्या जवळपास एक कोटी लोकांसाठी. आजोबा ते कुरकुरत चिकटवत. नंतर १९७८ मध्ये दोनेक लाख रोहिंग्या नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आले, १९९१-९२ मध्ये अडीच लाख. बहुतेकांना परत पाठवलं गेलं. मी तेव्हा लातुरात पोटापाण्याच्या मागे होतो. या बातम्या वाचल्या असतील तर आठवत नाहीत.

आठवतं ते २०१६ पासूनचं. त्या मार्चमध्ये आमच्या लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. घागरीसाठी सख्खे शेजारी कसे भांडतात ते मी दारात उभं राहून पाहिलं. त्या अनुभवावर एका मदतसंस्थेनं मला घेतलं आणि २०१७ च्या ऑक्टोबरात उखियाला धाडलं. सहा वर्षं तिथं होतो.

मी पोहोचलो तेव्हा मास्तरांच्या अंगणात तीन रोहिंग्या कुटुंबं उतरलेली होती. त्यांच्या आईनं भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलंच नव्हतं म्हणे महिनाभर. भाषा जवळजवळ एक, धर्म एक. शिवाय म्हातारीला एकाहत्तर आठवत होतं. "आम्ही पळालो होतो तेव्हा कुणीतरी घातलाच ना भात," ती म्हणे. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, ही आपली म्हण तिथं खरी व्हायला बरेच दिवस लागले, हे मुद्दाम लिहून ठेवतो. त्या आटलेल्या अगत्याइतकी दुसऱ्या कशाचीच हळहळ मला वाटत नाही.

उखिया आणि शेजारचा तेकनाफ, दोन्ही तालुके मिळून २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या आत. त्यात काही महिन्यांत सात लाख माणसं आली; आधीची धरून आकडा नऊ लाखांच्या पुढं. आम्ही सगळ्यांना तांदूळ, डाळ, तेल वाटलं. मीठ-मिरची, मासळी, सरपण यातलं काही दिलं नाही. मग माणसं तांदूळ विकून मासळी घेत. उखियातल्या कुतुपालाँगच्या बाजारात तांदूळ स्वस्त झाला आणि भाजी, मासळी महागली. ज्याच्या घरी भात पिकतो त्याच्या भाताला भाव नाही, आणि ज्याला मासळी विकत घ्यायची त्याला ती परवडत नाही. नाफमध्ये मासेमारीला बंदी घातली होती, त्यामुळं कोळ्यांची जाळीही सुकली. तिथल्या चलनात पाचशे टका मजुरी अडीचशे-तीनशेवर आली, कारण छावणीतला माणूस तेवढ्यात यायला तयार होता. आला तर त्याला दोष कसा देणार?

मुख्य भांडण मात्र सरपणाचं. टेकड्यांवर गर्जनची झाडं होती, सामाजिक वनीकरणाच्या पट्ट्या होत्या. त्या पट्ट्यांमध्ये गावकऱ्यांचा वाटा असे. झाड वाढलं की विक्रीतले पैसे मिळायचे. मुलीच्या लग्नाची बेगमीच ती. पहिल्या हिवाळ्यात फांद्या गेल्या, मग खोडं. नंतर बायका-पोरं कुदळीनं मुळं खणताना मी पाहिली. लालसर मातीत गुडघाभर खड्डे, आणि डोक्यावर मुळांची वेडीवाकडी मोळी. हत्तींची वाट याच टेकड्यांतून जायची. ते आपल्या वाटेनं आले आणि झोपड्यांत शिरले. डझनभर माणसं चिरडून मेली.

एकदा मास्तरांच्या चुलत्यानं त्याच्या पट्टीत एका रोहिंग्या पोराला धरलं. पोरगं दहा-अकराचं. मोळी हिसकावून घेतली, कोयताही घेतला, आणि मग दोघंही तिथंच उभे राहिले. पोरगं रडेना, चुलता शिवी देईना. शेवटी त्यानं कोयता परत दिला, मोळी ठेवून घेतली. संध्याकाळी मी अहवालात लिहिलं: "स्थानिकांमध्ये नाराजी, किरकोळ."

असे अहवाल आम्ही ढिगानं लिहिले. गावकऱ्यांना त्यात 'यजमान समुदाय' असं भारदस्त नाव होतं. यजमानाला निदान विचारून पाहुणा येतो. मदतीतला चौथा हिस्सा स्थानिकांसाठी ठेवायचा असा दंडक होता, आणि आमच्या साहेबांनी तो पाळलाही: सेमिनार, फलक, शिवणयंत्रं. इकडं हातपंप कोरडे पडत होते. तेकनाफच्या काही छावण्यांत उन्हाळ्यात टँकरनं पाणी यायचं आणि गावातली बाई रिकामी घागर घेऊन तो टँकर जाताना बघायची. मास्तरांना मी मिरजेच्या रेल्वेची गोष्ट सांगितली, तर त्यांनी विचारलं, "मिरजेचे लोक काही बोलले नाहीत?" मला ठाऊक नव्हतं. मी पाणी प्यायलो होतो, चौकशी केली नव्हती.

खुद्द मास्तरही आमच्याच उद्योगाचं फलित. गावच्या शाळेत शिकवायचे. छावणीत पगार जास्त म्हणून इकडं आले. त्यांच्यासारखे कितीतरी आले, कॉलेजची पोरंही आली. गावच्या शाळा ओस पडल्या, ते कुठल्याच अहवालात आलं नाही. २०१९ मध्ये तिथल्या तरुणांनी नोकऱ्यांसाठी निदर्शनं केली. त्याच ऑगस्टमध्ये तेकनाफमध्ये एका राजकीय कार्यकर्त्याचा खून झाला, रोहिंग्यांवर संशय आला, टायर पेटले, दुकानं फुटली. मग छावण्यांभोवती काटेरी कुंपण. पुढची दोन-तीन वर्षं कोविड, आगी आणि बैठका. त्यात सांगण्यासारखं थोडं.

२०१८ पासून छावण्यांना गॅस मिळू लागला, टेकड्या जरा हिरव्या झाल्या. आमचं एवढं एकच काम मला अजून पटतं. तोवर जगाचं लक्ष उडालं. माणशी महिना १२ डॉलरचं रेशन २०२३ मध्ये आधी १० वर, मग ८ वर आलं. २०२५ च्या मार्चमध्ये ६ करणार असं जाहीर झालं, आणि कसंबसं टळलं. रेशन घटलं की छावणीतला माणूस मजुरीला बाहेर पडतो, मजुरी आणखी पडते. हे साखळीसारखं आहे, आणि त्याचं दुसरं टोक पुण्या-मुंबईत बसून निर्वासितांवर मतं देणाऱ्यांना दिसत नाही. माझ्या सोसायटीतले एक गृहस्थ रोज देतात.

परवा मास्तरांना मीच फोन लावला. दम लागलेला होता. टेकडीवर होते, कोयता घेऊन. सिलिंडर परवडत नाही आता.

"अहो, ती लागवडीची झाडं ना?" मी म्हणालो.

"हो, बद्दा. २०१९ ची. आम्हीच लावली होती. फोटो तुम्ही काढला होता."