ओव्या, चरचर आणि खरीफचे तीन आठवडे

आपल्या मंडळात घरी रेकॉर्डिंग करणारी मंडळी आता बरीच झाली आहेत. कुणाला गणपतीच्या आरतीचा ट्रॅक हवा असतो, कुणाला दिवाळी पहाटेसाठी तबल्याची साथ, तर कुणाला पुण्यातल्या आजीला पाठवायला नातवाचे मनाचे श्लोक. सामान सगळ्यांकडे जवळपास सारखंच: लॅपटॉप, एक माइक, हेडफोन आणि मधली ती छोटी डबी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस. तक्रारीही सारख्याच. "आवाज येतोय, पण मध्येच चरचरतो." नाहीतर, "काल चालत होतं, आज सॉफ्टवेअरला डबी दिसतच नाही!" मस्कत इथून हजारेक किलोमीटर. डबी दाखवायला कोण तिकडे जाणार? त्यामुळे सलालाहकराला आपली दुरुस्ती आपणच करावी लागते.

यंदा ऑगस्टमध्ये आमच्या घरी हा प्रश्न फारच निकडीचा झाला. भोरकडची माझी आत्या तीन आठवड्यांसाठी आली होती. वय अठ्ठ्याहत्तर. जात्यावरच्या ओव्या तिला किती येतात हे तिलाही सांगता येत नाही, कारण त्या मोजून कधी म्हटल्याच नाहीत. हाताला काम असलं की येतात, नसलं की नाही. आमच्या घरात जातं कुठलं? मग पहाटे परातीत तांदूळ निवडायला बसायची आणि आपोआप सुरू व्हायची. "परत म्हण" म्हटलं की दुसरीच ओवी यायची. म्हणजे रीटेक हा प्रकार नाही. एकदा गेली ती गेली.

खरीफचा एक फायदा मात्र झाला. बाहेर रिमझिम, इत्तीनच्या डोंगरावर धुकं, हवा पंचविशीच्या आसपास. त्यामुळे एसी बंद ठेवता आला. मे महिन्यात हे जमणं शक्य नाही. तोटा असा की दमट हवेत तबल्याची शाई-पुडी सैलावते आणि कंडेन्सर माइकमध्ये ओल धरली की तो फटफट करायला लागतो. माइक झाकणाच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. त्या पुड्या बुटांच्या खोक्यात फुकट मिळतात, टाकू नका.

पहिल्या दिवशी अकरा ओव्या झाल्या. ऐकून पाहिलं तर प्रत्येकीत चरचर. "काय रे, पेटी बिघडली का तुझी?" आत्याने विचारलं. तिच्या लेखी ती डबीसुद्धा पेटीच.

अशा वेळी सगळी बटणं एकदम फिरवायची नसतात. आधी चरचर कुठे राहते ते शोधायचं. रेकॉर्ड झालेला तुकडा दोनदा वाजवा. खरखर दर वेळी त्याच अक्षरावर आली, तर ती फाइलमध्येच आहे; जागा बदलत असेल, तर फाइल शाबूत आहे आणि लॅपटॉप फक्त वाजवताना अडखळतोय. दुसरी परीक्षा हेडफोनची. बऱ्याच डब्यांवर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण असतं. ते दाबलं की माइकचा आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. तिथेही फटफट ऐकू आली तर दोष माइक, वायर, ओल किंवा विजेचा. तिथे स्वच्छ आणि फाइलमध्ये खराब, म्हणजे दोष संगणकाच्या बाजूचा. आमचा आवाज कानात स्वच्छ होता आणि फाइलमधली चरचर जागची हलत नव्हती.

संगणकाच्या बाजूला बसतो ड्रायव्हर. हे काय प्रकरण असतं ते आखातातल्या माणसाला समजावणं सोपं आहे: ड्रायव्हर म्हणजे संगणकातला मंदूब. तुमचे कागद खिडकीपर्यंत नेणारा आणि शिक्का मारून परत आणणारा. डबी सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजते आणि तेवढे आकडे यूएसबीच्या वायरीतून पाठवते. मंदूब एका खेपेत किती आकडे नेणार, याला बफर म्हणतात. १२८ ठेवला तर एक खेप पावणेतीन मिलिसेकंदांची. बिचारा सारखा धावतो, आणि वाय-फाय किंवा दुसरं काही मध्ये कडमडलं की एखादी खेप चुकते. ती चुकलेली खेप म्हणजेच ती चरचर. १०२४ ठेवला तर एक खेप एकवीस मिलिसेकंदांची. मंदूब निवांत, पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज संगणकातून उशिरा ऐकू येतो. आवाज हवेत एकवीस मिलिसेकंदांत सात मीटर जातो. येण्या-जाण्याचं धरलं तर दुप्पट, म्हणजे तबलजी चौदा मीटर लांब बसल्यासारखं वाटतं. ताल कसा जुळणार? म्हणून साथीला गाताना बफर लहान, आणि नुसतं ऐकताना किंवा मिक्सिंगला मोठा. आत्याला हेडफोन नको होता, साथ नको होती. तिच्यासाठी ५१२ बिनधास्त.

पण त्याआधी मंदूबच बदलला होता! रात्री लॅपटॉपने स्वतःला अद्ययावत करून घेतलं होतं. त्यानंतर सॉफ्टवेअर डबीच्या स्वतःच्या ड्रायव्हरऐवजी विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरकडून काम घेत होतं. विंडोजवर अशा कामासाठी एएसआयओ ही पद्धत वापरतात. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने ती १९९७ मध्ये आणली. मधले टप्पे वगळून ती सॉफ्टवेअरला डबीशी जवळजवळ थेट बोलू देते. तेव्हा सेटिंगमध्ये एएसआयओ आणि त्यापुढे आपल्या डबीचं नाव दिसतंय का, हे प्रत्येक अपडेटनंतर पाहावं. नसेल तर डबी काढून जुना ड्रायव्हर पुसायचा, लॅपटॉप बंद-चालू करायचा, डबीच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकायचा आणि मगच डबी जोडायची. हबमधून नाही, थेट लॅपटॉपला. मॅकवाल्यांना बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मात्र माइक वापरायची परवानगी सॉफ्टवेअरला दिली आहे की नाही, हे दोन्हीकडे तपासा. "डबी दिसते पण आवाज येत नाही" या तक्रारीत मला हे फार वेळा सापडलंय. कंडेन्सर माइकला लागणारं ४८ व्होल्टचं बटण हे दुसरं.

चरचर नसून एकसारखी घुंईं असेल तर ते दुखणं विजेचं. इथली वीज ५० हर्ट्झची, सॉकेट चौकोनी तीन पिनांचे, आणि आपण भारतातून आणलेले प्लग स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये खुपसतो, ज्यात अर्थिंग कधीकधी नावालाच असतं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घुंईं थांबली तर चांगला अ‍ॅडॉप्टर घ्या. अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आणखी एक दोष आहे तो गाणाऱ्यांना आधी कळतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एका भजनाचा ट्रॅक आला. पेटी पांढरी एकमध्ये धरली तर ट्रॅक काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी, आणि लयही चढलेली. गायकाला बोल लावू नये. जुन्या सीडीचा आवाज ४४,१०० चा, व्हिडिओचा ४८,००० चा. सॉफ्टवेअर एक आकडा धरून बसलं आणि डबी दुसरा, की सूर जवळपास दीड पट्टी वर जातो. दोन्हीकडे एकच आकडा केला की पेटी जुळते.

दुसऱ्या दिवशी आत्या बसली तेव्हा वाय-फाय बंद होतं, लॅपटॉप बॅटरीवर होता, आणि शेजारी बायकोचा फोनही रेकॉर्डिंगला लावला होता. ओव्यांच्या मागे तांदळाची सळसळ येते. ती मी काढलेली नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या; २०१७ पासून तो साठा 'पारी' या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येतो आहे. त्यातल्या काही मी आत्याला ऐकवल्या. "ही आमच्यातबी म्हणत्यात," ती म्हणाली, "पर शेवट येगळा हाय." आणि तो वेगळा शेवट म्हणून दाखवला. तेव्हा माइक चालू होता.

तीन आठवड्यांत एकशे चाळीस ओव्या नीट मिळाल्या. पहिल्या दिवशीच्या अकरांपैकी चार पुढे कधीतरी परत आल्या. उरलेल्या सातांवर चरचर काढायचं साधन फिरवून पाहिलं. बारीक टकटक त्याने जाते, पण जिथे मंदूबाची खेपच चुकली तिथलं अक्षर त्याला कुठून आणता येणार? तीन ओव्या कळण्याइतक्या सुधारल्या. चारांचे शब्द अर्धेमुर्धे आहेत. ते वहीत लिहून मी भोरला पाठवलेत. आत्या तांदूळ निवडायला बसली की चुलतबहीण तिला वाचून दाखवते.