एचआयव्ही, बाळंतीण आणि ऊसतोडीचा हंगाम

मातेच्या शरीरातील एचआयव्हीचा विषाणू तिच्या बाळापर्यंत पोहोचू नये, हे साध्य आहे काय, या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने होकारार्थी उत्तर देऊन आता बराच काळ लोटला आहे. क्यूबाने २०१५ साली, थायलंडने २०१६ साली आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेने २०१९ साली असा संसर्ग जवळजवळ थांबविल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळविली. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २०२१ साली सुरू झालेल्या पाचव्या टप्प्यानेही हेच ध्येय समोर ठेवले. तथापि परभणीसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाचे जे अंग शिल्लक राहिले आहे ते औषधशास्त्राचे नव्हे. ते माहेर-सासरच्या वाटेवरचे आहे, उसाच्या फडावरचे आहे आणि काही अंशी आपल्या जिभेवरचेही आहे.

कोणताही उपचार झाला नाही, तर संसर्ग असलेल्या मातांच्या दर शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. काहींना ती गर्भातच होते, पुष्कळांना प्रसूतीच्या वेळी आणि उरलेल्यांना पुढे अंगावरच्या दुधातून. शंभरपैकी निम्म्याहून अधिक बाळे काही न करताही सुटतात, हे अनेकांना ठाऊक नसते. आईला आहे म्हणजे मुलाला असणारच, असे धरून चालणारी माणसे सुशिक्षितांतही कमी नाहीत. उलट, मातेला वेळेवर आणि नियमित औषध मिळाले तर हे प्रमाण, स्तनपान चालू असूनही, शेकडा पाचाच्या खाली आणता येते. म्हणजे अज्ञानातून येणारी हताशा आणि प्रत्यक्ष वस्तुस्थिती यांत केवढे अंतर आहे पाहा.

या औषधांचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण त्यातच आपल्या एका जुन्या चुकीचे बीज आहे. १९९४ साली झिडोव्हुडिन या औषधाने अमेरिका आणि फ्रान्समधील चाचणीत लागणीचे प्रमाण शेकडा २५ वरून ८ वर आल्याचे दिसले. परंतु तो उपचार महागडा आणि लांबलचक होता. १९९९ साली युगांडातील अभ्यासाने त्याहून सोपी वाट दाखविली. कळा सुरू होताच मातेला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाला त्याच औषधाचा एक डोस, एवढ्यानेही लागण जवळजवळ निम्म्याने घटली. भारतात २००२ पासून हाच उपाय राबविला गेला. त्या काळी महाराष्ट्राची गणना देशातील अधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत होत होती, हे लक्षात घेता तो उपाय आवश्यकच होता.

पण त्या एका गोळीत एक कठोर हिशेब दडलेला होता. गोळी आईच्या हातावर पडे ती बाळासाठी. आईच्या स्वतःच्या आजाराला त्या गोळीचा उपयोग नव्हता. मोफत उपचार देशात १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला, तोही रक्तातील सीडी-४ पेशींची संख्या २०० च्या खाली गेलेल्यांसाठी. तोवर बाई थांबे, खंगे आणि पुष्कळदा मूल चालू लागण्याच्या आत निघून जाई. पंढरपूरची ‘पालवी’, बीडजवळचे ‘इन्फंट इंडिया’, लातूर जिल्ह्यातील हासेगावचे ‘सेवालय’ ही नावे महाराष्ट्राला माहीत झाली ती याच सुमारास. परभणीतही ‘होमिओपॅथिक अकॅडमी ऑफ रिसर्च अँड चॅरिटीज’ ही संस्था अशा मुलांच्या पोषणासाठी झटत आली. या संस्थांचे काम वंदनीय आहे यात शंका नाही. परंतु त्यांची गरज भासावी, एवढी मुले अनाथ का झाली, हा प्रश्न त्या वंदनात विरून जाऊ नये.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग असलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पुढचा धडा शिकविला. इथिओपिया, युगांडा आणि भारत येथील बाळांना सहा आठवडे रोज नेव्हिरॅपिन दिले, तेव्हा सहाव्या आठवड्याला लागण निम्म्याने कमी आढळली. सहाव्या महिन्याला मात्र तो फरक खात्रीने सांगण्याजोगा राहिला नाही. कारण उघड होते. औषध थांबले होते, दूध चालू होते. संरक्षण हवे ते दूध चालू असेपर्यंत, आणि ते देण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे आईवरच पूर्ण उपचार करणे. भारताने १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक संसर्गित गर्भवतीला, सीडी-४ कितीही असो, आजन्म तिहेरी औषधोपचार देण्याचे ठरविले. आज ती तीन औषधे एका गोळीत येतात आणि दिवसाला एक गोळी पुरते. बाळ वाचविण्याचा मार्ग आईला जगविण्यातून जातो, हे धोरणात उतरायला बारा वर्षे लागली.

आता परभणी जिल्ह्याकडे वळू. गर्भवतीची तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तावर गावाजवळच्या आरोग्य केंद्रात होते. संशय आला तर समुपदेशन व चाचणी केंद्रात खात्री केली जाते आणि तेथून एआरटी केंद्राकडे पाठवणी होते. बाळ जन्मले की त्याला काही आठवडे सिरप द्यावयाचे. सहाव्या आठवड्याला टाचेला टोचून रक्ताचे थेंब शोषक कागदावर वाळवायचे आणि प्रयोगशाळेकडे धाडायचे. साधी चाचणी येथे निरुपयोगी ठरते, कारण आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. पुढे सहा व बारा महिन्यांनी आणि शेवटी अठराव्या महिन्यात तपासणी होऊन निर्णय लागतो. म्हणजे गरोदरपण धरून सव्वादोन वर्षांची ही साखळी आहे. कागदावर ती अभेद्य दिसते.

पण पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. नोंद सासरच्या केंद्रात, गोळ्या जिल्ह्याच्या गावातून, आणि सातव्या महिन्यानंतर बाई तिसऱ्याच तालुक्यात. सासरी नवऱ्याला माहीत असते. माहेरी तिने आईलाही सांगितलेले नसते. मग गोळ्यांची बाटली धान्याच्या कणगीत लपते किंवा येताना मुद्दामच विसरली जाते. ज्या माहेरपणाची ओढ आपल्या साऱ्या ओव्यांतून वाहते, तेच माहेरपण येथे औषधाच्या आड येते, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

त्याहून मोठा खंड पडतो तो ऊसतोडीने. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतील वाड्या-तांड्यांतून टोळ्या निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी सीमेपलीकडे बेळगावकडे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल दोघांच्या नावावर घेतलेली. बाई गर्भार आहे म्हणून मुकादमाचा हिशेब थांबत नाही, आणि एका दिवसाचा खाडाही मजुरीतून कापला जातो. नोव्हेंबरच्या आरंभी जिला सातवा महिना लागला, ती जानेवारीत कोपीत बाळंत होणार. बाळाचा सहावा आठवडा फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी येणार. हंगाम तर मार्च-एप्रिलपर्यंत चालणार. नेमक्या ज्या तीन-चार महिन्यांत आईची गोळी, बाळाचे सिरप आणि पहिली चाचणी यांपैकी काहीही चुकता कामा नये, त्या महिन्यांत ही माणसे कोणत्याच आरोग्य केंद्राची नसतात. परभणीच्या नोंदवहीत ती ‘स्थलांतरित’ असतात, कोल्हापूरच्या नोंदवहीत ती नसतातच.

दुधाचा प्रश्नही असाच नाजूक आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नको, असा शास्त्राचा सल्ला आहे. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या १९९९ सालच्या अभ्यासात असे दिसले होते की, निव्वळ स्तनपानापेक्षा अंगावरचे दूध आणि वरचे अन्न यांचे मिश्रण बाळाला अधिक धोक्याचे ठरते. आपल्याकडे तर मधाचे बोट आणि बाळगुटी यांवाचून बाळंतपण पुरे होत नाही. फडावर जाणारी बाई बाळ मोठ्या मुलीजवळ टाकून जाते, तेव्हा ती पोर रडणाऱ्या भावाला जे हाताशी असेल ते पाजते. या आईला नुसता उपदेश करणे सोपे आहे. दुपारी फडावरून कोपीपर्यंत यायला तिला अर्धा तास सुटी कोण देणार?

येथे एका शब्दाविषयी बोलायला हवे. सर्वसाधारण बोलण्यात ‘आईकडून बाळाला’ असेच म्हटले जाते. भारताच्या शासकीय कार्यक्रमाने मात्र आपले नाव पुष्कळ वर्षे ‘पालकांकडून बालकाला’ असे ठेवले होते, आणि ते विचारपूर्वक ठेवलेले होते. बहुसंख्य विवाहितांना हा विषाणू नवऱ्याकडून आलेला असतो. पण रक्त आधी तपासले जाते बाईचे, कारण ती गर्भार म्हणून दवाखान्यात आलेली असते. त्यामुळे घरात तो रोग तिच्या नावावर चढतो. नवऱ्याने तपासणीला यावे असे त्याला सांगितले जाते, तो येत नाही, आणि गोष्ट तेथेच मिटते. यात निव्वळ अन्याय आहे असे नाही, वैद्यकीय धोकाही आहे. तिसऱ्या महिन्यात जिचा अहवाल निर्दोष आला, तिला सातव्या महिन्यात किंवा बाळ पीत असताना लागण झाली, तर नव्या संसर्गात विषाणूंची संख्या प्रचंड असते आणि बाळाला धोकाही तेवढाच वाढतो. एकदा निर्दोष ठरलेल्या बाईकडे मग कोणी पाहतही नाही. नवऱ्याची तपासणी आणि बाईची पुनर्तपासणी हे म्हणूनच कार्यक्रमाचे अर्धे अंग मानले पाहिजे.

भीतीचे म्हणाल तर तिला आधार आहे. २००९ साली हासेगावच्या शाळेत ‘सेवालया’तील मुले बसू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी स्वतःची मुले शाळेत पाठविणे थांबविले होते. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला, शिक्षण, नोकरी आणि उपचार यांतील भेदभावाला बंदी केली आणि गुप्ततेचे बंधन घातले. परंतु प्रसूतिगृहातील कागदावर लाल शाईची खूण करणारा हात कायदा वाचून थांबत नाही. शाळेत दाखल होणाऱ्या मुलाच्या आजाराविषयी शिक्षकाला काही कळलेच, तर ते शिक्षकांच्या खोलीतही उच्चारू नये, एवढे तरी त्याच्या हातात असते.

मग करावे काय? ऊसतोडीला निघणाऱ्या सर्व गर्भवतींची यादी दसऱ्यापूर्वी तालुक्यातालुक्यांत तयार व्हावी. सर्व गर्भवतींची म्हणण्याचे कारण असे की, केवळ संसर्गितांची यादी केली तर ती मुकादमाच्या खिशात जायला वेळ लागणार नाही. कोणाला कोणते औषध, हे फक्त दोन आरोग्य केंद्रांना माहीत असावे. निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. २०२० च्या टाळेबंदीत अशी मोकळीक दिली गेली होती आणि ती निभावली. बाळाचे सिरप आणि मात्रेची चिठ्ठीही आईजवळ आधीच असावी, कारण कोपीतील बाळंतपण दवाखान्याच्या वेळा पाळत नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळ आहे, साखर कारखान्यांजवळ पैसा आहे. राहिली सक्ती. ती साखर आयुक्तांना करता येईल. दरवर्षी गाळप परवान्याचा अर्ज घेताना प्रत्येक कारखान्याकडून त्याच्या तळांची ठिकाणे आणि त्या तळांची जबाबदारी घेणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव लिहून घ्यावे, आणि ते कागद हंगामाच्या आधी परभणी, बीड, हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयांकडे पोहोचवावेत.