कान दुखायच्या आधीच मोकळे करा

परवा मालवणच्या होडीत एक मुलगी भेटली. पहिल्याच स्कूबा डाइव्हला कान इतके दुखले की अर्ध्यातूनच वर आली. "मला हे जमणारच नाही," म्हणाली.

जमतं! नवख्यांचं घोडं बहुधा कानापाशीच अडतं.

१० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि कानाला खरा त्रास पहिल्या काही मीटरांतच होतो. म्हणून डोकं पाण्याखाली गेलं की लगेच नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकला. मग दर अर्ध्या-एक मीटरला तेच. दुखू लागलं तर जोर लावू नका. थोडं वर या, कान मोकळे करा, मग खाली जा. सर्दी असेल तर उतरूच नका, पैसे भरलेले असले तरी.

श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. ती कोंडली तर उथळ पाण्यातही गंभीर इजा होते.

पाण्याखालच्या खुणांत अंगठा वर म्हणजे "मस्त" नव्हे, "वर चला". सगळं ठीक असेल तर अंगठा-तर्जनीचं वर्तुळ दाखवा.

प्रवाळावर उभं राहू नका, प्लीज. ते जिवंत आहे आणि फार हळू वाढतं.

आणि परतीचं विमान? एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह केल्या असतील तर १८ तास थांबा.

तारकर्ली, नेत्राणी, अंदमान, कुठेही निघाला असाल तर प्रश्न बिनधास्त विचारा.