करारातले एक कलम आणि सात वर्षे अडलेला निष्कर्ष
विद्यापीठे आणि संशोधनाचा पैसा : लेखांक पाचवा

उद्योगांकडून विद्यापीठांकडे संशोधनासाठी पैसा का येतो, हे गेल्या आठवड्यात पाहिले. पण कंपनी आणि प्राध्यापक यांचे जमले, प्रस्ताव लिहून झाला, रक्कम ठरली, तरी काम लगेच सुरू होत नाही. विभागप्रमुखांची संमती, अंदाजपत्रकाची छाननी, प्रयोगात माणसे सहभागी असतील तर नैतिकता समितीची परवानगी आणि शेवटी करारावर विद्यापीठाची सही, एवढे टप्पे मध्ये असतात. ‘फाईल अडली’ ही तक्रार जगभरच्या प्राध्यापकांची आहे आणि ती खोटी नाही. तरीही या छाननीतला एक भाग असा आहे की त्यासाठी कितीही घाई असली तरी थांबलेच पाहिजे. निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाकडे राहणार, हे ठरवणाऱ्या कलमाची तपासणी हा तो भाग. हे कलम नजरेतून सुटले तर काय होते, याचा पुरावा अमेरिकेतल्या एका गाजलेल्या प्रकरणात आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेत बेटी डाँग या औषधशास्त्राच्या संशोधक. थायरॉइडसाठी दिल्या जाणाऱ्या लेव्होथायरॉक्सिनच्या गोळ्यांमध्ये ‘सिंथ्रॉइड’चे नाव मोठे होते. ती बनवणाऱ्या कंपनीने १९८७ मध्ये डाँग यांच्याशी करार केला. सिंथ्रॉइड आणि बाजारातल्या इतर गोळ्या शरीरात सारखेच काम करतात का, हे त्यांनी तपासायचे होते. अभ्यास १९९० मध्ये संपला आणि तपासलेल्या चारही गोळ्या समतुल्य निघाल्या. महाग गोळीच्या जागी स्वस्त गोळी चालली असती, तर अमेरिकेत वर्षाला सुमारे ३५.६ कोटी डॉलर वाचले असते, असा संशोधकांचा अंदाज होता. कंपनीने अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. विद्यापीठाने चौकशी केली, तेव्हा किरकोळ त्रुटींपलीकडे काही सापडले नाही. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने लेख स्वीकारला, जानेवारी १९९५ मध्ये तो छापून येणार होता. तेव्हा कंपनीने करारातले कलम पुढे केले: लेखी संमतीशिवाय काहीही प्रसिद्ध करायचे नाही. असे कलम विद्यापीठाच्या धोरणात बसत नव्हते, तरीही ते करारात राहून गेले होते. कंपनीने खटला भरला तर संशोधकांना विद्यापीठाचा आधार मिळणार नाही, असे विद्यापीठाच्या वकिलांनी कळवले आणि लेख मागे घ्यावा लागला. वृत्तपत्रातून हे उघड झाल्यावर कंपनी नमली आणि लेख एप्रिल १९९७ मध्ये आला. संशोधनात खोट नव्हती, संशोधकांत धैर्याची कमतरता नव्हती. चूक झाली होती ती दहा वर्षांपूर्वी, सहीच्या दिवशी.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो असा की, पैसा कंपनीचा, मग निकालावर हक्कही तिचाच असायला हवा. हा युक्तिवाद वाटतो तितका भक्कम नाही. कंपनीचे व्यावसायिक गुपित उघड होऊ नये आणि पेटंटचा अर्ज वेळेत करता यावा, एवढी तिची गरज रास्त आहे. त्यासाठी प्रसिद्धीपूर्वी मसुदा वाचायला साधारण ३० ते ६० दिवस देण्याची पद्धत रूढ आहे. मसुदा वाचणे वेगळे आणि प्रसिद्धी रोखणे वेगळे. ज्या कंपनीला निकाल स्वतःपाशीच ठेवायचा आहे, तिला स्वतःची प्रयोगशाळा किंवा खासगी चाचणी संस्था मोकळी आहे. विद्यापीठाकडे ती येते, ती त्याच्या नावाच्या विश्वासार्हतेसाठी. आणि निकाल प्रायोजकाच्या विरुद्ध गेला तरी तो छापला जाईल, या खात्रीवरच ती विश्वासार्हता उभी असते. शिवाय अशा प्रकल्पांवर पीएचडीचे विद्यार्थी काम करतात. कंपनीला नकाराधिकार असेल, तर त्यांचा प्रबंधही तिच्या मर्जीवर राहतो.

दुसरा आक्षेप असा की, हे सारे जुने झाले, आता सगळेच सावध आहेत. सावधपणा वाढला आहे, हे खरे. २००१ मध्ये प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी प्रायोजकांच्या नियंत्रणाविरुद्ध एकत्रित भूमिका घेतली. पण २००५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले, त्यात वेगळे चित्रही दिसले. प्रसिद्धीचा निर्णय कंपनीकडे देणारे कलम मंजूर करणार नाही, असे ८५ टक्क्यांहून अधिक प्रशासकांनी सांगितले. मात्र लेखाचा मसुदा कंपनीने लिहिण्यास निम्म्यांची हरकत नव्हती. कंपनीने स्वतःचे सांख्यिकी विश्लेषण लेखात घालण्यास २४ टक्के तयार होते. म्हणजे समोरचे दार बंद झाले, पण बाजूची दारे प्रत्येक संस्थेत वेगवेगळ्या प्रमाणात उघडी राहिली. ती शोधण्यासाठीच करार ओळ न् ओळ वाचणारा माणूस लागतो.

उरतो विलंबाचा प्रश्न, आणि इथे प्राध्यापकांचे म्हणणे मान्यच करायला हवे. नेहमीच्या अटींसाठी दर वेळी नव्याने वाटाघाटी करणे निरर्थक आहे. ब्रिटनने २००५ मध्ये ‘लॅम्बर्ट करार’ म्हणून ओळखले जाणारे तयार नमुने विद्यापीठे आणि उद्योगांपुढे ठेवले. नमुन्यातला करार असेल तर वेळ फक्त बदललेल्या कलमांवर जातो. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रायोजित संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र आहे. अशी व्यवस्था नसलेल्या विद्यापीठांनी निदान मंजूर नमुना आणि वाचायला एक जाणता अधिकारी, एवढे तरी ठेवावे. वेग तिथून आणावा, वाचन टाळून नव्हे.

प्राध्यापकांनीही कंपनीला शब्द देण्याआधीच करार विभागाला कळवावे. मसुदा हाती आल्यावर रकमेच्या आधी प्रसिद्धीचे कलम वाचावे. त्यात ‘लेखी संमतीशिवाय’ असे शब्द असतील, तर ते काढल्याशिवाय सही होऊ देऊ नये, मग निधी कितीही मोठा असो. पुढच्या लेखात पाहू, पेटंटची मालकी नेमकी कोणाची.