परदेशातील सदनिका आणि एकत्र कुटुंब

शिरूरला, ज्यास जुनी माणसे अद्याप घोडनदीच म्हणतात, आमच्या एका स्नेह्यांचा वाडा आहे. कुटुंब एकत्र आहे. वडील बंधू कर्ते. धाकटे बंधू रेल्वेच्या नोकरीमुळे दौंडला बिऱ्हाड करून राहिलेले. मधले बंधू वारले, त्यांच्या पत्नी वाड्यातच असतात. बहीण पुण्यास दिलेली. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे त्या बाजूच्या जमिनींस जो भाव आला, त्यात यांच्या वडिलार्जित जमिनीचा शेवटचा तुकडा विकला गेला आणि पैसा कुटुंबाच्या नावे असलेल्या खात्यात जमा झाला. दिवाळीत दौंडकरांचा मुलगा दुबईहून आला, तो एक रंगीत पुस्तिका घेऊनच. या पैशातून तेथे एक सदनिका घ्यावी, ती भाड्याने द्यावी, असे त्याचे म्हणणे. घरच्यांनी आम्हांसही बैठकीस बोलाविले होते.

मुलाचे बोलणे पोरकट नव्हते. दुबईने २००२ साली ठरावीक भागांत परकीयांस मालकी हक्क खुला केला व २००६ साली त्यास कायद्याचा आधार दिला. तेथे व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही. तेथील दिऱ्हम डॉलरला ३.६७ या दराने बांधलेला असल्यामुळे रुपया घसरला की आपली मिळकत रुपयांत आपोआप वाढते. २००८ च्या आरंभी अकरा रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या दिऱ्हमला आज वीसांहून बरेच अधिक पडतात. "काका, पुण्यातल्या फ्लॅटला जेवढे भाडे सुटते त्याच्या दुप्पट तिकडे सुटते," असे तो म्हणाला, आणि हिशेब पाहता ते अगदीच खोटे नव्हते. परंतु त्याच २००८ साली आलेल्या मंदीत तेथील किमती निम्म्याच्या आसपास आल्या आणि कित्येक इमारती पायातच थांबल्या, हे पुस्तिकेत कोठे छापलेले नव्हते. अपुऱ्या इमारतीसाठी घेतलेला पैसा वेगळ्या राखीव खात्यात ठेवण्याची सक्ती तेथील २००७ च्या कायद्याने केलेली आहे. तरीही नवख्याने बांधून झालेलेच घर पाहावे, असे आमचे मत आम्ही तेथेच सांगितले.

खरी अडचण मात्र दुबईत नव्हती. ती शिरूरच्या बँकेतच निघाली. भारतात राहणाऱ्यास परदेशी पैसा पाठविण्याची जी सवलत रिझर्व्ह बँकेने २००४ साली दिली, बँकेत जिला एलआरएस म्हणतात, ती आरंभी २५ हजार डॉलरांची होती; आज ती दर माणशी दर आर्थिक वर्षास २.५ लाख डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांहून अधिक आहे. तीतून परदेशात घर घेता येते. नातलगांस आपापल्या मर्यादेतील रकमा एकत्रही करता येतात. पण ही सवलत व्यक्तीस आहे. कंपनीस नाही, ट्रस्टला नाही आणि हिंदू अविभक्त कुटुंबासही नाही. कर्त्यांनी कुटुंबाच्या खात्याचे पासबुक पुढे केले, तेव्हा अधिकाऱ्याने ते अदबीने परत केले.

"मग काका, पैसे तुमच्या नावावर वळते करा आणि तुम्ही पाठवा," असे मुलगा सहज बोलून गेला. सहज म्हटलेली ही गोष्टच आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म होय. वडिलार्जित जमिनीचा पैसा एकाच्या नावे वळला की तो कोणाचा? २००५ च्या दुरुस्तीपासून मुलींसही वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क आहे, तेव्हा पुण्याच्या बहिणीचा हिस्सा त्यात आहे. मधल्या बंधूंच्या पश्चात त्यांच्या पत्नीचाही आहे. एवढाच पैसा वाटून घेऊ म्हणावे, तर १९७८ नंतरची अर्धवट वाटणी आयकर खाते मानीत नाही. करावयाची तर पुरती वाटणी करावी लागते, वाड्यासकट. एक सदनिका घेण्यासाठी पाच पिढ्यांचे घर कागदावर मोडावयाचे, हे बैठकीत कोणी उच्चारले नाही. पण सर्वांच्या मनात आले असावे, कारण बराच वेळ कोणी बोलले नाही.

खर्चाचे आकडे आम्ही थोडक्यात सांगतो. दोन कोटी रुपये पाठवावयाचे तर वर्षातील पहिले दहा लाख वगळून उरलेल्या १ कोटी ९० लाखांवर बँक २० टक्के, म्हणजे ३८ लाख रुपये, आगाऊ कर म्हणून वेगळे कापून घेते. तो पुढे आपल्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर अडकून पडतो. दुबईत नोंदणीचे ४ टक्के, वर दलाली, शिवाय इमारतीचा वार्षिक देखभाल आकार. येथील बँकेस या कामी कर्ज देण्याची मोकळीक नाही. तेथे भाड्यावर कर नसला तरी येथे राहणाऱ्या मालकास तो येथे भरावा लागतो. विवरणपत्रात ती मिळकत दाखवावयाची राहिली, तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. विसरभोळ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

मधल्या काकू एवढा वेळ दाराशी बसून ऐकत होत्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, ज्याच्या नावे घर आहे तो अचानक गेला तर काय? प्रश्न त्यांनी स्वानुभवाने विचारला होता, आणि उत्तर सरळ नव्हते. तेथे १ फेब्रुवारी २०२३ पासून गैरमुस्लिमांसाठी वेगळा कायदा लागू झाला आहे. मृत्युपत्र नसेल आणि वारसांनी आपल्या देशाचा कायदा मागितला नाही, तर मिळकतीपैकी अर्धी पती किंवा पत्नीस जाते व अर्धी मुलांत समान वाटली जाते. आपल्याकडे मयत मुलाच्या आईस वारसा मिळतो. मुले असतील तर त्या वाटणीत आईचे नाव नाही. तेव्हा घर घेतले त्याच आठवड्यात तेथे मृत्युपत्र नोंदवावे, हा खर्च टाळू नये.

दुसरा प्रश्न, "भाडेकरूने भाडे थकविले तर तिकडे जायचे कोणी?" यावर दौंडचे बंधू हसले; पण कर्ते हसले नाहीत. त्यांच्या आजोबांची दौंड तालुक्यात भीमेकाठी जमीन होती. स्वतः शिरूरला राहून ते खंड घेत. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ रोजी, कृषकदिनी, ती जमीन कसणाऱ्याची झाली. जो उन्हातान्हात राबला त्यास ती मिळाली, यात आम्हांस वावगे वाटत नाही. आजोबांची चूक एवढीच की दुरून मिळकत राखणाऱ्यास कायदा कधीही बदलतो, हे त्यांनी धरले नव्हते. आजही परकीय खरेदीदाराची तीच गत आहे. कॅनडाने २०२३ पासून परकीयांस बहुतेक घरखरेदीची बंदी केली व ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढविली. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षे जुनी घरे त्यांस बंद केली. सिंगापुरात २०२३ पासून परकीयास किमतीवर ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क पडते. यांत त्या देशांचा दोष नाही. घरे आधी तेथील माणसांस मिळावीत, असे त्यांस वाटते.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून बहिणीस बोलावून घेतले. पुरती वाटणी करण्याचे ठरले. वाडा मात्र सर्वांच्या समाईक मालकीचा राहील आणि काकू हयात असेतो विकावयाचा नाही, असे वाटणीपत्रातच लिहावयाचे आहे. काकूंची व बहिणीची रक्कम ज्यांच्या त्यांच्या नावे येथेच राहील. कर्त्यांनी आपण दुबईच्या भानगडीत पडणार नाही म्हणून सांगितले. दौंडच्या बंधूंनी केवळ आपल्या हिश्श्यातून, पतिपत्नी दोघांच्या नावे, बांधून झालेली एक लहान सदनिका पाहावयाचे ठरविले आहे. त्यांचा मुलगा परत गेल्यावर दोन इमारती स्वतः पाहणार आहे आणि तेथील गेल्या तीन वर्षांच्या भाडेकरारांच्या व देखभाल आकाराच्या नकला शिरूरला पाठविणार आहे. त्या अद्याप आलेल्या नाहीत.