काळी पाचचे मास्तर

यवतमाळात एप्रिलच्या दुपारी पितळ हातात धरवत नाही. बँडच्या खोलीत मास्तरांनी ट्रम्पेट ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. "तापला का सूर चढते," ते म्हणाले. साथीच्या कॅसिओ कीबोर्डला उन्हाचं काही नसतं, तो आपल्या पट्टीतच राहतो. मग सूर जुळवायची नळी मास्तरांनाच जराशी बाहेर ओढावी लागते. हे काम ते वरातीत चालता चालता करतात.

ट्रम्पेटला खटके तीनच. मधला दाबला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिल्यानं एका, तिसऱ्यानं दीड. बाकी सगळं ओठांवर. एकही खटका न दाबता निघणारा 'सा' म्हणजे पेटीवरची काळी पाच, त्यामुळे कुठलंही गाणं मास्तर आधी त्या हिशेबात बसवून घेतात. मींड ही खरी अडचण. खटका अर्धा दाबायचा आणि ओठ सैल सोडत सूर ओढायचा. शिकाऊ पोरगा जोर लावत होता. "गाल नोको फुगवू," मास्तर ओरडले.

संध्याकाळी दत्त चौकाच्या अलीकडे वरात अडली. पुढे ट्रक, मधे नाचणारी पोरं. मुखडा संपला तरी थांबायची सोय नाही. मास्तरांनी ढोलवाल्याकडे मान हलवली, ठेका तोच ठेवला आणि मुखड्यातलेच चार सूर उलटसुलट करून वाजवू लागले. मग क्लॅरिनेटला वाट दिली. त्यामागे रसिकता होतीच, पण सुन्न झालेल्या ओठांना विसावाही हवा होता. क्लॅरिनेटनं भलतीकडे उडी घेतली, मास्तर हसले आणि त्याच उडीवरून पुढे निघाले. जॅझची छोटी मंडळी हेच करतात: धून मांडायची, पाळीपाळीनं फोडायची, पुन्हा धुनेवर यायचं. तिथे पायाखाली स्वरमेळांची ठरलेली साखळी असते, इथे नुसता ठेका. धोका मला इथलाच मोठा वाटतो.

जॅझशी हे नातं ओढूनताणून आणलेलं नाही. गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचा ट्रम्पेट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायचा. सी. रामचंद्रांनी त्याला चित्रपटसंगीतात आणलं. 1951च्या 'अलबेला'त तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. त्यातलं 'शोला जो भडके' मास्तर आजही वाजवतात. चिक चॉकलेटचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं, पण त्याचे तुकडे बोटांत पक्के होते.

डीजेमुळे बँडच्या सुपाऱ्या घटल्यात. जे अजून बँड लावतात त्यांना एक सांगणं: मास्तरांच्या हातात तीस गाण्यांची यादी देऊ नका. पाच-सहा गाणी सांगा, मधली जागा त्यांची त्यांना राहू द्या.